मधला शब्द जनूभाऊंचा

जनूभाऊ चुरींना एक्केचाळीस भाषा येत होत्या आणि प्रत्येक भाषेतला एकच शब्द. तो शब्द म्हणजे ‘आणि’. तुर्की माणसाकडे पाणी कसं मागावं हे त्यांना सांगता आलं नसतं, पण त्याच्या कांद्याच्या आणि बटाट्याच्या मध्ये ‘वे’ येतं, हे ते आंघोळ करता करताही सांगत. स्वाहिली ‘ना’, नेपाळी ‘र’, मलायी ‘दान’. बाकीची भाषा शिकावी असं त्यांना कधी वाटलं नाही. मी एकदा सुचवलं की निदान नमस्कार तरी शिकून ठेवा, कधी उपयोगी पडेल.

“नमस्कार हातानं व्हतो, साळवी,” ते म्हणाले. “आनी हातानं व्हत नाय.”

आम्ही नव्वदीच्या सुरुवातीला लालबागची खोली सोडून विरारला, बोळिंजमध्ये राहायला आलो. सामानाची खोकी अजून दारातच होती. हाफपँट, गंजीफ्रॉक, काखेत लांबोडकी वही आणि केसांत थर्माकोलचे दाणे, अशा अवतारात एक पन्नाशीचे गृहस्थ आत आले आणि एका खोक्यावर बसले. मला वाटलं, सोसायटीचे कोणी असतील.

“कुठचे?” त्यांनी विचारलं.

“लालबागचे.”

“तसं नाय. मूळचे.”

“संगमेश्वर. रत्नागिरी जिल्हा.”

“बरं. ‘आई आनी बाप’. घरात कसं म्हनता, म्हनून दाखवा.”

मी गडबडलो आणि शाळेत म्हणतो तसं काहीतरी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि माझ्या बायकोकडे पाहिलं. ती हातात पातेलं घेऊन उभी होती. घाबरून तिच्या तोंडून माहेरची बोली निघाली, “आये नि बापूस.”

“आनी मीठ आनी भाकर?”

“मीठ नि भाकरी.”

त्यांनी वहीत लिहिलं, ‘नि. रत्नागिरी. एक तोंड.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमचं तोंड हापिसानं बाटवलंय. दुसरं कोन हाय का घरात?” दुसरं कोणी नव्हतं. पुढच्या महिन्यात माझी आई आली, तेव्हा ते आठवणीने येऊन तिच्याकडून मीठ-भाकरी म्हणवून घेऊन गेले आणि वहीत दुसरं तोंड टिकमार्क झालं. माझ्या आईला शेवटपर्यंत वाटत होतं की ते रेशनकार्डाच्या ऑफिसातले आहेत.

ही त्यांची पद्धत होती आणि त्यात ते कोणाच्या बापाचं ऐकत नसत. “तुमच्या भाषेत ‘आणि’ला काय म्हणतात?” असं विचारलं की माणूस विचार करायला लागतो, आणि विचार करून सांगितलेला शब्द खोटा असतो, असं त्यांचं मत. म्हणून ते आधी आई आणि बाप म्हणायला लावत, मग मीठ आणि भाकर. दोन्हींत जो शब्द सारखा आला तो खरा. तोही एका तोंडाचा चालायचा नाही. दोन वेगळी तोंडं पाहिजेत, एकमेकांना न ऐकलेली, आणि दोन्ही जनूभाऊंनी स्वतःच्या कानांनी ऐकलेली. तलाठ्याच्या पंचनाम्याला इतके सोपस्कार नसतील.

आता एवढा खटाटोप कशासाठी, तर धंद्यासाठी. लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरीच्या खुर्च्यांमागे मखमली पडद्यावर थर्माकोलची नावं टांगलेली असतात ना, ती नावं कापणं हा जनूभाऊंचा उद्योग. वाडीत केळी होती, पानवेली होत्या, पण त्यांचं मन ओटीवर. तिथे विजेचा दाब कमी करणारा एक जुना एलिमिनेटर, त्याला जोडलेली तापलेली तार आणि थर्माकोलच्या लाद्या. तार लादीतून लोण्यातून जावी तशी जायची. मग वरून डिंक, त्यावर चमकी. अर्नाळ्यापासून वसईपर्यंत अर्ध्याअधिक लग्नांतली नावं त्यांच्या हातची.

त्यांची अट एकच. “नावं तुमची, मधला शब्द आमचा.” नावांचा आकार, रंग, लिपी गिऱ्हाइकाने ठरवावी. दोन नावांच्या मध्ये काय लटकणार ते जनूभाऊ ठरवणार आणि तो शब्द ते फुकट देणार. त्या काळात सगळीकडे मध्ये इंग्रजी ‘वेड्स’ टांगायची टूम निघाली होती. जनूभाऊंना त्याचा भयंकर राग. “ह्यात एक मानूस दुसऱ्याला काईतरी करतो असं वाटतं,” ते म्हणत. “आनी म्हटलं की दोघं सारखे. कोन कोनाला काय करत नाय.” मुलीकडची भाषा कोणती आणि मुलाकडची कोणती हे विचारून ते मधला शब्द ठरवत. दोन भाषा असल्या तर नवरीच्या उजव्या हाताला एक, नवऱ्याच्या डाव्या हाताला एक.

आणि गिऱ्हाइकंही कुठून कुठून येत. नालासोपाऱ्यात तर तेव्हा रोज एक नवी इमारत आणि तिच्यात सगळा देश भरलेला. उडिया प्लंबर, बंगाली सोनार, गुजराती, सिंधी, आखातातून परतलेले इलेक्ट्रिशियन. जनूभाऊ सायकल घेऊन तिकडे गेले की दोन-तीन तोंडं घेऊनच परतायचे. आखाती इलेक्ट्रिशियनकडून अरबी ‘व’ मिळाला तेव्हा ते मला वाटेत अडवून म्हणाले, “अवो, आपलाच निघाला!” इतका आनंद त्यांना त्यांचा हरवलेला बैल सापडला तेव्हाही झाला नव्हता, असं त्यांच्या बायकोने, हिरावहिनींनी, मला सांगितलं.

वसईच्या एका मल्याळी नर्सच्या लग्नात मात्र मोठी पंचाईत झाली. तिने म्हणून दाखवलं, “अम्मयुम् अच्छनुम्.” दुसऱ्या नर्सनेही तेच. जनूभाऊंनी चारदा म्हणवून घेतलं, पण मधे शब्दच येईना. जे काय होतं ते दोघांच्याही शेवटाला चिकटलेलं. ते दोन दिवस बेचैन होते. मग त्यांनी दोन छोट्या शेपट्या कापल्या आणि दोन्ही नावांना एकेक लावून मधली जागा मोकळी सोडली. चर्चच्या हॉलमध्ये फादर बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत होते. जनूभाऊ पुढे होऊन म्हणाले, “फादर, हे लोक दोघांना एकेक वाटून देतात. भांडनच नको.” फादरांना ते इतकं आवडलं की त्यांनी प्रवचनात घातलं.

माझी नोकरी बंदरावरच्या एका क्लिअरिंग एजंटकडे होती. हे कळल्या दिवसापासून जनूभाऊंनी मला आपला माणूस मानलं. आमच्याकडे परदेशी यंत्रांची माहितीपत्रकं यायची, दहा-दहा भाषांत छापलेली. मी हौसेने गठ्ठा नेऊन दिला. त्यांनी तो बाजूला ठेवला.

“कागदाला आई-बाप नसतात, साळवी. त्याला इचारनार काय?”

मग त्यांच्यासाठी मी बोटीवरच्या लोकांना गाठून ओटीवर आणायचं ठरलं. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. एका ग्रीक कप्तानाला मी चहा पाजून विचारलं की तुमच्या भाषेत आई आणि बाप म्हणून दाखवा. त्याला वाटलं, मी त्याच्या आई-बापांची चौकशी करतोय. त्याने अर्धा तास आईबद्दल सांगितलं, पाकिटातला फोटो काढला, रुमालाने डोळे पुसले आणि माझा हात दाबून निघून गेला. बोळिंजला यायचं राहिलं ते राहिलंच. जनूभाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तोंड?” तोंड आणायला मी विसरलो होतो. आठ दिवस ते माझ्याशी फटकून होते. पुढे एक तुर्की खानसामा आणि त्याचा पुतण्या यांना मी खरोखरच बोळिंजपर्यंत आणलं. त्यांनी ओटीवर बसून केळी खाल्ली, आई-बाप म्हटले, मीठ-भाकर म्हटली आणि आपल्याला इथे का आणलं हे न कळताच आनंदाने परत गेले.

रविवारी जनूभाऊ कळंबच्या किनाऱ्यावर जात. सहलीला आलेली कुटुंबं म्हणजे त्यांना पर्वणी. एकदा सुकी मासळी विकणाऱ्या एका कोळणीला त्यांनी आई आणि बाप म्हणायला सांगितलं. तिने टोपली खाली ठेवली, कमरेवर हात दिले आणि म्हणाली, “माज्या आयशीबापाशी तुजा काय संबंध रं? सोयरीक करायला आलास काय?” चार माणसं जमली. जनूभाऊंनी तेवढ्या गर्दीतही वही काढून काय लिहिलं ते मी वाचलं, ‘कळंब. तोंड एक. परत जाऊ नये.’

आता त्यांच्या घरातली गोष्ट सांगितली पाहिजे. आमची इमारत जिथे उभी आहे ती जमीन चुरींचीच. जनूभाऊ आणि त्यांचे धाकटे भाऊ भास्करराव यांची ती एकत्र वाडी होती. बिल्डर आला तेव्हा भास्कररावांना विकायची होती, जनूभाऊंना नव्हती. दोघांचं म्हणणं त्यांच्या त्यांच्या परीने बरोबर होतं, त्यामुळे भांडण मिटण्याचा प्रश्नच आला नाही. वाटणी झाली. भास्कररावांच्या वाट्यावर आमची इमारत आणि तिच्यामागे त्यांचा बंगला उभा राहिला. जनूभाऊंच्या वाट्यावर केळीच राहिल्या. मधे पुरुषभर उंचीची भिंत. म्हणजे मी या भांडणाच्या बरोब्बर एका बाजूला, दुसऱ्या मजल्यावर, हप्ते भरत राहत होतो. दोन्ही भावांशी माझं चांगलं होतं आणि दोघांपैकी एकानेही दुसऱ्याचं नाव माझ्यासमोर कधी घेतलं नाही. सात वर्षं.

एका दुपारी हिरावहिनी माझ्या बायकोला केळफूल निवडायला शिकवत होत्या, तेव्हा बोलता बोलता म्हणाल्या, “वाडीच्या फाटकावर लाकडाची पाटी व्हती. जनार्दन आनी भास्कर चुरी. सासऱ्यांनी लावलेली. वाटनीच्या दिवशी सुताराला बोलवून ती कापली. ह्यांचं नाव ह्यांना, भावजींचं त्यांना. सुतारानं इचारलं, हा मधला तुकडा कोनाला देऊ? दोघं बी बोलले नाय. शेवटी मी चुलीत घातला. काय करनार, सुकं लाकूड.” मग त्यांनी केळफुलाचं एक पान काढून बाजूला ठेवलं. “त्याच आठवड्यात हे वही घेऊन आले.”

बायकोने संध्याकाळी मला हे सांगितलं आणि मला जनूभाऊंच्या वहीला आतापर्यंत हसलो त्याचं वाईट वाटलं. थोडा वेळ. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सकाळी सहाला उठवून एक सिंधी तोंड ऐकवलं, तेव्हा ते वाटणं कमी झालं.

मग उज्ज्वलाचं लग्न ठरलं. उज्ज्वला ही भास्कररावांची एकुलती मुलगी. वाटणीआधी ती याच ओटीवर वाढलेली, जनूभाऊंना मोठेबाबा म्हणणारी. जनूभाऊंना मूल नव्हतं. आता ती अंधेरीला एका कंपनीत होती आणि तिथल्याच प्रणव नावाच्या मुलाशी तिने जमवलं होतं. भास्करराव आमच्या इमारतीत दारोदार जाऊन पत्रिका वाटून गेले. सोळाच्या सोळा बिऱ्हाडांना. माझ्या टेबलावर ती पत्रिका पडली होती आणि जनूभाऊ आले. मी तिच्यावर घाईघाईने वर्तमानपत्र टाकलं. पण लपवायला गेलं की माणसाचा हात नेमका त्याच वस्तूकडे बोट दाखवतो. त्यांनी वर्तमानपत्र उचललं, पत्रिका वाचली, पुन्हा वाचली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

“मुलगा कुठचा?” त्यांनी विचारलं.

“आसामचा म्हणतात.”

“तिथं काय म्हनतात?”

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. एक्केचाळीसमध्ये आसामी नव्हती.

इकडे रिवाज असा की लग्नाचं पहिलं बोलावणं देवाला, दुसरं घरातल्या थोरल्याला. धाकट्याने स्वतः जायचं, सुपारी आणि अक्षता हातात ठेवायच्या. त्याशिवाय थोरला पाय टाकत नाही. भास्कररावांनी सोळा दारं ठोठावली, पण भिंतीच्या पलीकडचं सतरावं दार काही त्यांच्याच्याने ठोठावलं गेलं नव्हतं. आणि नावांचं काम त्यांनी नालासोपाऱ्याच्या कुठल्याशा डेकोरेटरला दिल्याचंही मला कळलं. मधे ‘वेड्स’.

जनूभाऊंनी या सगळ्याकडे दुर्लक्ष केलं आणि कामाला लागले. आचोळ्याच्या एका इमारतीवरचा वॉचमन आसामचा निघाला. त्याने म्हणून दाखवलं. मधे ‘आरु’. त्याच्याकडूनच त्यांनी प्रणवचं नाव त्यांच्या लिपीत लिहून घेतलं आणि कापलंसुद्धा. एरवी वीतभर अक्षरं असायची, ही हातभर होती. एकीकडे उज्ज्वला, एकीकडे प्रणव, दोन्ही ओटीच्या भिंतीला टेकवून ठेवलेली. मधे जागा.

दुसरं तोंड मिळेना. आठ दिवस जनूभाऊ सायकल मारत होते. बंगाली मिळाले, त्रिपुराचा एक मिळाला, नेपाळी तर पैशाला पासरी. वसई स्टेशनजवळ आसाम चहाची पाटी असलेलं एक दुकान होतं. मोठ्या आशेने आत गेले तर मालक मारवाडी आणि नोकर सातारचा. तिथून परतले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

“कापा की एका तोंडावर,” मी म्हणालो. “वॉचमन कशाला खोटं सांगेल?”

“नाय.”

“आणि जनूभाऊ, रागावू नका, पण तुम्हांला हे काम सांगितलंय कोणी?”

“नाय,” ते म्हणाले आणि वॉचमनने लिहिलेल्या चिठ्ठीकडे बघत राहिले. “त्याची आई येनार. तिला वाचता येत असंल. आपल्या पोरीच्या डोक्यावर चुकीचा शब्द टांगला तर ती काय म्हनंल?”

मग मी जे त्यांना आणि मला दोघांनाही केव्हाच सुचलं होतं ते बोललो. बोळिंजमध्ये दुसरं आसामी तोंड एकच होतं, आणि ते नवऱ्या मुलाचं. तो आई-वडिलांबरोबर आला होता आणि भास्कररावांनी त्यांची सोय आमच्याच इमारतीत, खालच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये केली होती.

“मी त्याला विचारतो,” मी म्हणालो. “जिन्यात रोज भेटतो. दोन मिनिटांचं काम. तुम्हांला येऊन सांगतो.”

“तुमचं तोंड मधे नको. मी माझ्या कानानं ऐकनार.”

“मग त्याला तुमच्याकडे घेऊन येतो.”

“नको. त्याच्या सासऱ्याला वाटंल, मी जावई फोडला.”

“मग तुम्ही चला.”

“आवतन नाय,” हिरावहिनी आतून म्हणाल्या. तिथे विषय संपला. मी घरी आलो. एका शब्दासाठी माणूस इतका अडून बसतो याचा मला राग आला होता आणि तो राग नेमका कोणावर आहे ते मात्र मला ठरवता येत नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी बंगल्यासमोर मांडव. मुहूर्तमेढ रोवायची म्हणून आम्ही इमारतवाले खुर्च्यांवर बसून चहा पीत होतो. खड्डा खणून तयार. मेढीला आंब्याचे डहाळे बांधलेले, हळद-कुंकू लावलेलं. ती आपली आडवी पडून होती. भटजी घड्याळ बघत होते.

“यजमान, घ्यायची ना?”

“थांबा, नारळ येतोय,” भास्करराव म्हणाले. नारळ आला. मग त्यांना फोटोवाला हवा होता. फोटोवाला आला. मग हळद ताजी नाही असं त्यांच्या लक्षात आलं. भटजींनी दोनदा मुहूर्त टळत चालल्याचं बजावलं आणि दोन्ही वेळा भास्कररावांना काहीतरी नवीन आठवलं. माणूस घाबरट झालाय, एकुलती मुलगी म्हटल्यावर होणारच, असं मी शेजारच्या खुर्चीला म्हणालोसुद्धा.

नवरा मुलगा या वेळी मुलीच्या दारात नसावा, पण आसामच्या मंडळींना ते सांगणार कोण? प्रणव कॅमेरा घेऊन मेढीचे फोटो काढत फिरत होता. फिरत फिरत तो भिंतीजवळ गेला आणि भिंतीवर जनूभाऊंचं डोकं उगवलं. पलीकडून ते कशावर तरी चढले होते. आज गंजीफ्रॉक नव्हता. इस्त्रीचा पांढरा सदरा होता.

“ओ जावईबापू!”

सगळे भिंतीकडे वळले. भास्कररावांच्या हातातला हळदीचा वाडगा तसाच राहिला.

“माँ और बाप,” जनूभाऊ आपल्या हिंदीत म्हणाले. “तुमारे घर में कैसा बोलता? बोलके दिखाव.”

पोरगा चांगला होता. हसला नाही, का म्हणून विचारलं नाही. “मा आरु देउता,” तो म्हणाला.

“नमक और रोटी?”

“निमख आरु रुटी.”

झालं होतं. दोन तोंडं झाली, कानाने ऐकून झालं, पद्धतीत आता काहीच उरलं नव्हतं. मी इतकी वर्षं बघत होतो, या दोन जोड्यांपुढे त्यांनी कधी कोणाला एक शब्द जास्त विचारला नव्हता. ते वही मिटतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी वही मिटली नाही. खाली बघत ते म्हणाले, “अब एक और बोलो. बडा भाई और छोटा भाई.”

“ककाइदेउ आरु भाइटी,” प्रणव म्हणाला.

“फिरसे.”

“ककाइदेउ आरु भाइटी.”

मराठीत ते कोणालाच सांगावं लागलं नाही. जनूभाऊंनी वहीत सावकाश लिहिलं. “पक्कं,” ते म्हणाले आणि उतरायला वळले.

“दादा,” भास्करराव म्हणाले.

डोकं भिंतीच्या वर तसंच थांबलं.

“दादा, मेढ सकाळपासनं पडलीय.”

“मुहूर्त टळला की,” जनूभाऊ म्हणाले.

“टळू दे. घरात थोरला असताना मी कशी रोवू?”

भटजींनी तोंड उघडलं, नारळाकडे बघितलं, हळदीकडे बघितलं आणि पुन्हा मिटलं. भास्करराव त्यांच्या तबकातून सुपारी आणि मूठभर अक्षता घेऊन भिंतीशी गेले. त्यांचा हात वर पोचेना. प्रणवने खुर्ची आणून दिली. पन्नाशी ओलांडलेले भास्करराव त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढले आणि पलीकडच्या तळहातावर त्यांनी आवतण ठेवलं. काय बोलले ते आम्हांला ऐकू आलं नाही. भिंतीपलीकडे हिरावहिनींनी नाक शिंकरल्याचं मात्र ऐकू आलं.

जनूभाऊ रस्त्याने वळसा घालून, आमच्या इमारतीच्या फाटकातून आले. सदऱ्याच्या खिशात अक्षता आणि पायांत चपला नाहीत, घाईत विसरलेल्या. उज्ज्वला बंगल्यातून पळत येऊन त्यांच्या पाया पडली, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. मग दोघा भावांनी मेढ उचलली. जनूभाऊंनी बुंधा खड्ड्यात सोडला. भास्कररावांनी वर धरून ठेवली. माती लोटताना जनूभाऊंचे डोळे भरून आले होते आणि त्यांना धड काही दिसत नव्हतं. त्यामुळे त्यांनी मातीबरोबर भटजींची पळीही लोटली. ती कोणी काढून घेतली नाही.

माती दाबून झाल्यावर जनूभाऊ वाकलेलेच राहून म्हणाले, “बघ रे, सरळ हाय का?”

मेढ चांगलीच कलली होती. आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

“सरळ हाय, दादा,” भास्करराव म्हणाले.